जमिनीखालचं साम्य: ट्रेसच्या तुलनेतून दिसणारे काप आणि आपला एक प्रश्न



मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या उपमान प्रमाणाबद्दल बोललो. ‘गवय गायीसारखा असतो’ एवढं ऐकून रानात गेलेला माणूस साम्यावरून गवय ओळखतो, तिथवर आपण आलो होतो. व्याख्यान संपल्यावर लोहारा तालुक्यातला एक तरुण श्रोता थांबला. तो म्हणाला, “सर, तेल शोधणारे लोक कॉम्प्युटरवर जमिनीखालच्या खडकांचं साम्य मोजतात, आणि साम्य तुटलं की तिथं भेग दाखवतात, असं मी पाहिलंय. मग आमच्या गावाखाली भेग आहे की नाही, हे त्यावर दिसेल का?”

लोहारा तालुक्यातल्या मुलानं हे विचारलं म्हणजे तो कशाबद्दल बोलतोय, हे धाराशिवात कुणाला सांगावं लागत नाही. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हलली. त्या वेळी आम्ही इथंच उस्मानाबादेत शिकवत होतो. मांडणीवरची भांडी खाली आली, आम्ही अंगणात आलो. काय घडलंय ते उजाडल्यावर कळलं. म्हणून या मुलाचा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही. आमचा एक जुना विद्यार्थी तेल संशोधनात काम करतो, त्याच्याजवळ बसून ते सॉफ्टवेअर आम्ही शिकलो. सत्तरी उलटल्यावर माउस धरायला हात थरथरतो, पण शिकलो. जे कळलं ते आज मांडतो. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देऊ. आधी हे चित्र तयार कसं होतं ते पाहू, नाहीतर उत्तराला अर्थ राहणार नाही.

थापटणं आणि ऐकणं

आपल्याच जिल्ह्यातलं तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळी जमलेली असताना कोणतं मडकं कच्चं नि कोणतं पक्कं ते सांगा, असं मुक्ताबाई म्हणाल्या आणि गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणलं, ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. नामदेवरायांना राग आला, आणि ते कच्चे ठरले. कथेचा आध्यात्मिक अर्थ आज बाजूला ठेवू. कुंभाराची रीत तेवढी घेऊ. मडकं न फोडता आतलं कळायला हवं असेल, तर बाहेरून ठोका द्यायचा आणि येणारा आवाज ऐकायचा.

भूकंपी सर्वेक्षण, ज्याला हे लोक ‘सिस्मिक’ म्हणतात, ते असंच आहे. जमिनीवर सुरुंगाचा लहान स्फोट करतात किंवा जड ट्रकनं जमीन थरथरवतात, समुद्रात दाबलेल्या हवेचा बार काढतात. लहर खाली जाते. एका जातीचा खडक संपून दुसऱ्या जातीचा सुरू झाला, की त्या सीमेवरून तिचा काही भाग वर परततो. वर ठेवलेली यंत्रं तो परतलेला कंप टिपतात. अशा नोंदींवर प्रक्रिया करून एका जागेसाठी एक वेडीवाकडी रेघ तयार होते. तिला ‘ट्रेस’ म्हणतात. ट्रेस म्हणजे त्या जागेखालून आलेल्या प्रतिध्वनींची क्रमवार यादी.

या यादीत खोली मीटरमध्ये नसते, वेळेत असते. लहरीला जाऊन परत यायला किती वेळ लागला, तेवढंच आपल्याला कळतं. खडकात तिचा वेग सेकंदाला 2000 मीटर असेल, तर एका सेकंदानं परतलेला आवाज 1000 मीटर खोलीवरून आला. वेग चुकीचा धरला, तर खोलीही चुकते. तेव्हा पहिली गोष्ट मनात ठेवा: पडद्यावर दिसतो तो खडक नव्हे, ती खडकाकडून आलेली वार्ता आहे.

एका ओळीतून शेत दिसत नाही

पूर्वी ही मोजणी एकेका सरळ रेषेवर व्हायची. आपल्या महाराष्ट्रात कोयनेच्या परिसरात 1970च्या दशकात खोल भूकंपी मोजणीच्या दोन लांब रेषा घेतल्या गेल्या, एक गुहागर ते चोरोची आणि दुसरी केळशी ते लोणी. अशा रेषेतून जमिनीचा उभा छेद मिळतो. पण रेषेच्या डाव्या-उजव्या बाजूला काय आहे, ते कळत नाही. शेताच्या मधून एक तास नांगरून सगळ्या शेताची माती सांगण्यासारखंच ते आहे.

साम्याचा काप काढायचा तर ट्रेस सगळ्या शेतभर हवेत, जवळजवळ आणि जाळीसारखे. याला त्रिमितीय सर्वेक्षण म्हणतात. आम्ही ज्यावर शिकलो ती माहिती नेदरलँड्सच्या हद्दीतल्या उत्तर समुद्राची, ‘एफ-3’ नावाच्या पट्ट्याची आहे. ती शिकणाऱ्यांसाठी खुली आहे, आणि ‘ओपनडीटेक्ट’ हे सॉफ्टवेअरही मुक्त स्वरूपात मिळतं. साधारण 16 किलोमीटर बाय 24 किलोमीटरचं क्षेत्र, दर 25 मीटरवर एक रेघ. म्हणजे सहा लाखांच्या आसपास ट्रेस, आणि प्रत्येक ट्रेसवर दर 4 मिलिसेकंदाला एक आकडा. हा आकड्यांचा एक मोठा ठोकळा झाला. तो उभा कापता येतो आणि आडवाही.

साम्य मोजायचं कसं

आता आमच्या विषयाकडे येतो. साम्य हा काय प्रकार आहे, यावर आपल्याकडे फार वाद झालेत. प्राभाकर मीमांसक म्हणाले, साम्य हा स्वतंत्र पदार्थच आहे. नैयायिक म्हणाले, नाही, दोन वस्तूंमध्ये पुष्कळ धर्म समान असले की त्यालाच आपण साम्य म्हणतो. सॉफ्टवेअर नकळत नैयायिकांच्या बाजूचं आहे. ते म्हणतं, कशाच्या बाबतीत साम्य ते आधी सांग, मग मी मोजतो.

मोजायची रीत अशी. एका ट्रेसचा छोटा तुकडा घ्यायचा आणि शेजारच्या ट्रेसचा तेवढाच तुकडा घ्यायचा. दोघांतल्या फरकाची लांबी काढायची, तिला दोघांच्या स्वतःच्या लांबींच्या बेरजेनं भागायचं, आणि आलेला आकडा एकातून वजा करायचा. उत्तर शून्य ते एकच्या दरम्यान येतं.

दोनच आकड्यांचे तुकडे घेऊन करून बघू. पहिला ट्रेस 3, 4 आणि शेजारीही 3, 4. फरक शून्य, म्हणून साम्य 1. आता शेजारी उणे 3, उणे 4 आहे असं धरा. फरकाची लांबी 10, दोघांची लांबी 5 अधिक 5, म्हणजे 10. साम्य 0. तिसरा प्रकार बघा, शेजारी 6, 8 आहे. चाल तीच, फक्त आवाज दुप्पट. फरकाची लांबी 5, बेरीज 5 अधिक 10 म्हणजे 15. साम्य सुमारे 0.67.

इथं थांबायला हवं. एकच अभंग एकानं हळू आवाजात म्हटला आणि दुसऱ्यानं मोठ्यानं, तर दोन्ही सारखे की वेगळे? या सूत्रानं उत्तर दिलं, थोडे वेगळे. पण दुसरी एक रीत आहे, सहसंबंधाची. ती फक्त चाल बघते आणि म्हणते, अगदी सारखे, पूर्ण 1. दोन्ही गणितं बरोबर आहेत. दोघांनी प्रश्न वेगळा विचारला, एवढंच. म्हणून ‘साम्याचा काप’ पाहताना पहिला प्रश्न हा, की साम्य कशाचं?

पडद्यावर आणण्याआधी घ्यायचे निर्णय

सॉफ्टवेअरमध्ये काम दिसायला सोपं आहे. ‘सिमिलॅरिटी’ हे गुणलक्षण निवडायचं, आडवा काप जोडायचा, कोणत्या वेळेवर हवा ते सांगायचं. सगळ्या ठोकळ्याचं गणित न करता संगणक त्या कापापुरतंच गणित करतो, म्हणून चित्र लवकर येतं. पण त्याआधी तो तुम्हाला काही गोष्टी विचारतो. घाईत माणूस जे भरलेलं आहे तेच ठेवून पुढं जातो, आणि चूक तिथंच होते.

पहिली गोष्ट, तुकडा केवढा घ्यायचा. कापाच्या 28 मिलिसेकंद वर आणि तेवढंच खाली, असा तुकडा घेतला तर दर 4 मिलिसेकंदाला एक याप्रमाणे 15 आकडे तुलनेत येतात. फार लहान तुकडा घेतला, तर नुसता गोंगाट दिसतो. दोन शब्द ऐकून दोन माणसांची बोली सारखी की वेगळी ते ठरवू नये, तसंच. फार मोठा घेतला, तर वरच्या-खालच्या थरांतल्या गोष्टी या कापावर सांडतात. म्हणजे काप दिसायला कागदासारखा पातळ असला, तरी प्रत्यक्षात तो एका जाड पाटीची बातमी सांगत असतो.

दुसरी गोष्ट, थरांचा उतार. ही नीट समजून घ्या. दिंडीत पुढचे टाळकरी आणि मागचे टाळकरी एकच अभंग म्हणत असतात, पण मागच्यांचा टाळ क्षणभर उशिरा ऐकू येतो. घड्याळ लावून एकाच क्षणी दोघांची तुलना केली, तर वाटेल की यांचं जमत नाही. प्रत्यक्षात अभंग एकच आहे. थर उताराचा असला की हेच होतं. समजा उतार 10 अंशांचा आहे. 25 मीटर पुढं गेलं की थर जवळपास साडेचार मीटर खाली जातो. सेकंदाला 2000 मीटर वेगानं लहरीला तेवढं जादा अंतर जाऊन यायला साडेचार मिलिसेकंद लागतात, म्हणजे एका आकड्याहून थोडं जास्तच. उतार लक्षात न घेता तुलना केली, तर एका थराची गाठ दुसऱ्याच थराशी पडते. मग चांगला सलग थरही तुटका दिसतो. म्हणून आधी जागोजागचा उतार काढून घेतात, आणि शेजाऱ्याला तेवढं सरकवून मग तुलना करतात.

तिसरी गोष्ट, शेजारी किती आणि निकाल कुणाचा धरायचा. चार दिशांच्या शेजाऱ्यांशी तुलना केली की साम्याचे अनेक आकडे येतात. सरासरी धरली तर चित्र मऊ होतं. सगळ्यांत कमी आकडा धरला तर प्रत्येक दुरावा उठून दिसतो, खराही आणि गोंगाटातून आलेलाही.

चौथी गोष्ट, रंग. याला लोक शोभेचं काम समजतात, पण ते तसं नाही. चांगल्या माहितीत बहुतेक आकडे एकच्या जवळपास गोळा झालेले असतात. रंगपट्टी शून्य ते एक ठेवली, तर सगळा काप पांढुरका दिसतो आणि काहीच कळत नाही. तीच पट्टी 0.8 ते 1 केली, की काळ्या रेघा उगवतात. 0.95 ते 1 केली, तर सगळीकडे काळंच काळं. खाली खडक तोच आहे, आकडेही तेच आहेत. आमच्या विद्यार्थ्यानं हे समोर करून दाखवलं, तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, “अरे, भेग तू दाखवलीस की जमिनीनं?” तो म्हणाला, “सर, म्हणून तर चित्राशेजारी रंगपट्टीचे आकडे छापायचे असतात.” ते आम्हाला पटलं. रंगपट्टीशिवाय कुणी असं चित्र दाखवलं, तर ते अर्धवट समजा.

कांद्याची चकती आणि कांद्याची पाकळी

आडवा काप दोन प्रकारे घेता येतो. एका ठराविक वेळेवर सुरी सरळ आडवी चालवली, तर तो वेळेचा काप. कांदा आडवा चिरला की चकतीत अनेक पाकळ्यांची कडी दिसतात. उताराच्या थरांतून घेतलेला वेळेचा काप तसाच, एका चित्रात वेगवेगळ्या काळातले थर कापले जातात. उलट एकच थर ओळखून, त्याच्या चढ-उताराबरोबर जाऊन काप घेतला, तर तो कांद्याची एक पाकळी सोलून पसरल्यासारखा. त्यावर जे दिसतं ते एकाच काळातलं असतं. एखाद्या प्राचीन नदीचा वळणावळणाचा प्रवाह पाकळीवर सलग दिसतो. चकतीवर त्याचा तुकडाच हाती लागतो. पण पाकळी सोलायची तर थर आधी कुणीतरी ओळखून रेखाटावा लागतो, आणि त्यात त्या माणसाचा तर्क मिसळतो. चकतीत तेवढा तर्क नसतो. म्हणून जाणकार आधी चकत्या वरखाली सरकवून बघतात आणि मग पाकळीकडे जातात.

या पद्धतीचा बोलबाला 1995 साली झाला. अमोको या तेल कंपनीतल्या बाहोरिच आणि फार्मर या दोघांनी तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. त्याआधी लोक लहरींच्या तीव्रतेचे काप पाहत. त्यात थरांच्या स्वतःच्या रेघा इतक्या ठळक असत, की त्यांना समांतर जाणारा भ्रंश त्यांतच लपून जाई. साम्य मोजलं की थरांच्या रेघा जवळपास पुसल्या जातात, आणि जिथं शेजाऱ्याशी जमत नाही तेवढंच उरतं.

‘साम्य कमी, म्हणजे भ्रंश’ हे लक्षण टिकतं का?

इथं आम्ही आमच्या तर्कशास्त्राच्या वर्गात परत जातो. लक्षणाचे दोष आठवा. ‘शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय’ म्हटलं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती.

‘साम्य कमी तिथं भ्रंश’ या वाक्यात दोन्ही दोष आहेत. साम्य कमी होण्याची कारणं पुष्कळ आहेत. जुन्या नदीचा काठ असू शकतो, वायू झिरपून विस्कटलेला भाग असू शकतो, मिठाचा घुमट असू शकतो. नाहीतर मोजणीच्या वेळी जहाज ज्या ओळींनी फिरलं त्यांचेच ओरखडे असतात. ही अतिव्याप्ती झाली. दुसरीकडे, भ्रंश आहे पण सरकणं इतकं थोडं की मोजणीच्या नजरेत भरत नाही. किंवा सरकणं नेमकं इतकं, की एका थराची लहर पलीकडच्या दुसऱ्या थराच्या लहरीशी बेमालूम जुळते. मग साम्य चांगलंच दिसतं, आणि भ्रंश मात्र खाली असतो. ही अव्याप्ती.

मग जाणकार काय करतात? काळी रेघ दिसली की ती आणखी वरच्या आणि खालच्या कापांवर आहे का ते बघतात. खोलीबरोबर ती एका बाजूला नियमानं सरकते का ते बघतात. मग त्याच जागेचा उभा छेद काढून थर दोन्ही बाजूंना खरंच वरखाली झालेत का, याची खात्री करतात. ओरखडे मोजणीच्या ओळींना समांतर असतील, तर ते बाजूला काढतात. एवढं करून ते ‘भ्रंश असावा’ म्हणतात. साम्याचा काप म्हणजे कुठं पाहायचं ते सांगणारं बोट आहे. पाहण्याचं काम उरतंच.

किल्लारीचं काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याच्या गावाखालचा असा काप काढता येईल का?

आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल विंधनविहीर घेतली. त्यात 338 मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली जेमतेम 8 मीटर गाळाचा थर, आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक. या पद्धतीला दोन गोष्टी हव्या असतात: लहर नीट खाली पोचणं, आणि तुलनेसाठी एकावर एक सलग थर. बेसाल्ट बरीचशी लहर वरच्यावर परतवतो आणि विखुरतो. त्याखालच्या स्फटिकी खडकात गाळाच्या खडकांसारखे सलग थर नसतात. ज्याच्यात सलगपणाच नाही, त्याच्यात सलगपणा तुटला हे कसं मोजणार? ही पद्धत बहरली ती समुद्राखालच्या आणि गाळाच्या खोऱ्यांत. आपल्या मुंबई हायचा शोध 1974 साली लागला, तोही अशाच खोऱ्यात, आणि तिथंही आधी भूकंपी सर्वेक्षणानंच वाट दाखवली होती.

तेव्हा बाळा, उत्तर असं. उत्तर समुद्रात दिसतो तसा स्वच्छ काप तुझ्या गावाखालचा मिळणं अवघड आहे. आणि उद्या कुणी रंगीत चित्र आणून ‘इथं साम्य चांगलं आहे, इथं धोका नाही’ असं म्हणालं, तर अव्याप्ती आठव. कुणी काळी रेघ दाखवून घर सोडायला सांगितलं, तर अतिव्याप्ती आठव. शिवाय भ्रंश सापडला, तरी तो कधी हलेल याची तारीख त्या कापावर नसते. 1993 पूर्वी हा भाग स्थिर समजला जात होता. भूकंपानंतर किल्लारीजवळ जमिनीवर उमटलेली भेग अभ्यासकांनी पाहिली, मोजली. जुन्या भूकंपांच्या खुणांसाठी तेरलाही अभ्यास झाला. म्हणजे ज्ञान आलं, पण मागून आलं.

त्या पहाटे हजारो माणसं गेली. बरीचशी गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या वजनाखाली. भिंतीत जोडदगड आहेत का, दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा काँक्रीटचा पट्टा आहे का, हे बघायला सॉफ्टवेअर लागत नाही. गवंड्याला विचारलं तरी कळतं. तुझ्या गावाखालची भेग आम्ही तुला दाखवू शकलो नाही. पण घरी गेल्यावर आपल्या आणि शेजारच्या घराच्या भिंती एकदा बघून ये, आणि पुढच्या वेळी काय दिसलं ते आम्हाला सांग.

पुढच्या व्याख्यानात आपण अभावाकडे वळू. ‘जमिनीवर घट नाही’ हे आपण डोळ्यांनी पाहतो की मनानं ठरवतो? आज साम्य नसणं पडद्यावर काळ्या रंगात दिसलं, तेव्हा तो प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल.